एकाच बाईच्या दोन तक्रारी

१

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास नकारताईंच्या टेबलावर दोन कागद येऊन पडले, आणि एका बाईचं तीन वर्षांचं वाट बघणं मातीत जायची वेळ आली.

नकारताई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. मानवाधिकारांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चौथ्या मजल्यावर जो छाननी कक्ष आहे, तिथे बावीस वर्षं बसून त्यांनी ते कमावलं होतं. आपल्या देशात न्याय मिळत नाही असं झालं की लोक या समितीकडे लिहीत. पण लिहिलं म्हणजे ऐकून घेतलं असं नाही. देशातली सगळी कोर्टं आधी पालथी घातली का, शेवटच्या निकालानंतर मुदतीत आलात का, हेच गाऱ्हाणं दुसऱ्या एखाद्या आंतरराष्ट्रीय दारात तर मांडलं नाही ना, असलं सगळं आधी बघायचं. त्यात एक गोष्ट जरी अडली, तरी तक्रार खरी की खोटी याची चौकशीच होत नसे. ती अग्राह्य. शंभरातल्या नव्वदांहून जास्त तक्रारी अशाच परत जात, आणि परतीची पत्रं ताई लिहीत. इतकी गोड पत्रं, की माणसाला नाही म्हटलंय हे दुसऱ्या परिच्छेदात कळायचं.

आजचे दोन कागद ज्या सरकारविरुद्ध तक्रार होती त्याच्याच वकिलांनी पाठवले होते. सोबत चार ओळींचं पत्र. तक्रारदार बाईंनी हीच तक्रार चौकापलीकडच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडेही केलेली आहे, पुरावा म्हणून आयोगाकडून सरकारला आलेल्या नऊ पानांपैकी पहिलं आणि शेवटचं पान जोडलं आहे, सबब तक्रार अग्राह्य ठरवावी.

ताईंनी आपली फाइल काढली आणि शेजारी ठेवली. पहिल्या पानावर नाव तेच, पत्ता तोच, पोलिस ठाणं तेच, वकीलही तीच. शेवटच्या पानावर जोडलेल्या कागदांची यादी आणि खाली डाव्या हाताचा अंगठा. आपल्या फाइलीतला अंगठा म्हणजे नुसता शाईचा डाग होता, रेष ना ओळ. आयोगाच्या कागदावरचा मात्र सुबक, रेषा मोजून घ्याव्यात असा.

"एकीकडे घाईत उमटवला, दुसरीकडे निवांत," ताई स्वतःशी पुटपुटल्या.

कक्षाच्या प्रमुख साहेबांनी दारातूनच कागद पाहिले. "उघडंच आहे की हो. शुक्रवारच्या यादीत टाका. तिघं सदस्य दुपारी सह्या करतील, विषय संपला."

शुक्रवारची यादी म्हणजे नकारांची यादी. तिच्यावर एकदा सह्या झाल्या की अपील नाही, फेरविचार नाही, काही नाही. ताईंनी यादीत नंबर चढवला, तेवढ्यात खालच्या स्वागतकक्षातून फोन आला.

"ताई, ती तक्रारदार बाई स्वतः आलीय. भावाला घेऊन. सकाळपासून बसलीय."

२

बाई पन्नाशीची, वाळकी, ताठ बसलेली. एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायचं काम. शेजारी धाकटा भाऊ, बसचा कंडक्टर. हरवलेल्या मुलाचा मामा म्हणून तोच सगळीकडे बोलायचा. दोन दिवसांचा प्रवास करून आलेली माणसं होती ती.

"आमचा नंबर कधी लागतो ते विचारायला आलोय," मामा म्हणाला. "पत्रातून नीट कळत नाही हो. आम्ही आपली साधी माणसं."

ताई सहसा कुणाला भेटत नसत. नकार लिहायचा तर समोरचा चेहरा न बघितलेला बरा, हा त्यांचा अनुभव. पण आता खाली आल्याच होत्या, तर बसल्या.

"तुमच्या तोंडून सांगा," त्या म्हणाल्या. "काय झालं?"

इस्त्रीवाली बाई सांगू लागली. थोरला, बावीस वर्षांचा. पहाटे दारातून उचलून नेला. ठाण्यावर गेलो तर म्हणाले, असला कुणी इथे आलाच नाही. कोर्टानं पोलिसांचं वहीपुस्तक बघितलं, त्यात नाव नाही. वरच्या कोर्टानंही तेच धरलं. सगळीकडे एकच उत्तर, आलाच नाही.

"अंगावर काय होतं?"

"पांढरा शर्ट. आदल्या रात्री खालची घडी उसवली होती, पांढरा दोरा संपला होता म्हणून मी निळ्यानं मारली. केवढा ओरडला माझ्यावर, आई, लोक हसतील." बाई थांबली. "मला सुई ओवता येत नाही, डोळे गेलेत. तोच दहा-दहा सुया एकदम ओवून उशीला टोचून ठेवायचा. त्यातल्या दोन अजून आहेत. मी वापरत नाही त्या."

ताईंनी पाण्याचा पेला पुढे केला. बाईनं तो दोन्ही हातांनी धरला, आणि डाव्या अंगठ्याचं टोक चमकलं. कातडी गुळगुळीत, लालसर.

"भाजलं का?"

"फार वर्षं झाली. वाफेची इस्त्री आहे, तिनं चाटला." बाई किंचित हसली. "काम येत होतं, अंगठा काय करायचाय."

आता विचारायलाच हवं होतं. "बाई, हीच तक्रार तुम्ही दुसऱ्या कुठे केलीत का? चौकाच्या पलीकडे आयोग आहे, तिथे?"

"नाही."

"आठवून सांगा."

"अहो, नाही म्हटलं ना. माझा एकच मुलगा हरवलाय, मी दोनदा कशाला सांगू?"

ताईंना ते पटलं. मग त्यांची नजर मामाकडे गेली. मामा जमिनीकडे बघत होता, आणि त्याचा हात हळूहळू मांडीवरच्या पिशवीत शिरत होता.

३

पिशवीतून निघालं ते पाकीट. आतलं पत्र आयोगाचं होतं, इस्त्रीवाल्या बाईच्या नावावर, तिच्याच पत्त्यावर. "आपली तक्रार मिळाली. योग्य वेळी विचार केला जाईल."

"वर्ष झालं याला," मामा म्हणाला. "मला वाटलं तुमचंच पत्र. याच्यावर गोल शिक्का, तुमच्या पत्रावरही गोल शिक्का. आता तुम्ही पलीकडचा आयोग म्हणालात तेव्हा ट्यूब पेटली."

"तू काही केलंस का रे?" बाईचा आवाज एकदम धारदार झाला.

"अक्का, मी केलं नाही. फक्त बोललो होतो. वकीलबाईंना म्हटलं, एकाच दारात बसून कसं चालेल, पलीकडेही टाका एक अर्ज. त्या माझ्यावर डाफरल्या. दोन्हीकडे टाकाल तर दोन्हीकडून जाल, म्हणाल्या. तिथंच विषय मिटला."

"मिटला म्हणतोस? मग हे पत्र काय आभाळातून पडलं?"

मामानं पत्र उलटसुलट करून पाहिलं.

वर जाऊन त्यांनी वकीलबाईंना फोन लावला. एका खोलीच्या ऑफिसात बसून, हरवलेल्या माणसांची चाळीस प्रकरणं फुकट लढवणारी ही बाई. मागे मुलांचा गलका, कुकरची शिट्टी, आणि टकटक असा टायपिंगचा आवाज.

"मी? दोन्हीकडे?" वकीलबाई उसळल्या. "अहो, पहिल्या वर्गातल्या पोराला कळतं ते मला कळत नाही होय? तुमच्याकडचं प्रकरण तुमच्याकडेच. कागद मी सांगते, टायपिंग आमचे मामंजी करतात. सासरे हो माझे. सत्तर पार केलेत, पण हात बघा कसा चालतो. एकच फॉर्म जपून ठेवलाय त्यांनी, त्याच्यावरच सगळं."

"मग आयोगाकडे गेलं कसं?"

"तेच तर मी म्हणते! त्या आयोगाचं नावच काढू नका. आख्ख्या आयुष्यात एकच प्रकरण पाठवलं त्यांच्याकडे, वर्ष झालं, साधी पोचसुद्धा..."

आणि लाइन तुटली. पुन्हा लावला, लागेना.

एकच प्रकरण पाठवलं! म्हणजे पाठवलं तर. बाई खोटं बोलत नव्हती, मामाही नसावा, मग वकीलबाईच दोन्ही डगरींवर हात ठेवून बसल्या की काय? की सरकारी वकिलांनीच बनावट कागद उभा केला? पण बनावट कागदाला आयोग पोच कशी देईल?

त्यांनी पुन्हा ती दोन पानं समोर घेतली. शेवटच्या पानावरची यादी या वेळी नीट वाचली. शाळेचा दाखला, एक फोटो, डोळ्यांच्या डॉक्टरची चष्म्याची चिठ्ठी.

ताई तडक खाली गेल्या. "तुमच्या थोरल्याला चष्मा होता?"

"चष्मा?" बाई बघतच राहिली. "सुया ओवून देणारं पोर ते! रस्त्यापलीकडच्या बसची पाटी घरातून वाचायचा."

मग ही चष्म्याची चिठ्ठी कुणाची?

४

गुरुवारचा दिवस तर आणखीच गोंधळाचा गेला. ताई चौक ओलांडून आयोगात गेल्या. तिथल्या नोंदणीवाल्या बाई ओळखीच्या, पण नियमाला पक्क्या.

"मधली पानं गोपनीय. दाखवता येणार नाहीत."

"तू तरी वाचलीस का?"

"मी? मी पहिलं पान बघून नंबर देते. तुम्ही वेगळं काय करता?"

ताई तरी वेगळं काही करत नव्हत्या. दिवसाला साठ तक्रारी येतात. पहिल्या पानावरून नोंद, शेवटच्या पानावरून अंगठा की सही एवढं तपासायचं, मधलं काय ते पुढच्यांनी बघावं. पुढचेही पुढच्यांवर ढकलतात.

"त्या प्रकरणाचं पुढे काय झालं, एवढं तरी सांगशील?"

"थांबवून ठेवलंय. त्या सरकारनं कळवलं ना, की हीच बाई तुमच्याकडेही आहे म्हणून."

म्हणजे आयोग समितीकडे बोट दाखवून थांबला होता, आणि आयोगातल्या तक्रारीकडे बोट दाखवून ही समिती बाईला हाकलायला निघाली होती. ताईंना हसावं की रडावं कळेना.

संध्याकाळी घरी आल्या तर नवरा तोंड पाडून बसलेला. तो शाळेत गणित शिकवतो. घरात, दारात, सासरी, सगळीकडे त्याला मास्तरच म्हणतात.

"काय झालं मास्तर?"

"अब्रू गेली. चाचणीचा पेपर काढला. दरवर्षी मागच्या पेपरावरच नवीन लिहितो मी, वरचं डोकं तयार मिळतं. या वेळी खालचे सगळे प्रश्न बदलले, घाम गाळून. आणि वरची तारीख, चाचणी क्रमांक, सगळं गेल्या खेपेचं तसंच राहिलं! पोरांनी पेपर हातात घेतला आणि परत दिला. म्हणे, सर, हा आमचा झालाय."

"मग?"

"मग काय? खाली एकसुद्धा प्रश्न जुना नव्हता. पण वरची ओळ वाचून पुढे वाचायचे कष्ट कोण घेतंय? मुख्याध्यापकांनीही नाही घेतले. सगळ्यांसमोर झापलं."

ताई हातातली पिशवी तशीच धरून उभ्या राहिल्या. मग पिशवी खाली टाकली आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या मूर्खपणावरून ओवाळून टाकावं असं वाटतंय मला."

"हे कौतुक आहे का?" मास्तरांनी विचारलं. पण ताई तोवर फोनकडे वळल्या होत्या. सरकारी वकिलांना त्यांनी एवढंच सांगितलं, की जो कागद पुरावा म्हणून पुढे करतो, त्याने तो संपूर्ण दाखवायचा असा इथला नियम आहे. उद्या दहा वाजता नऊच्या नऊ पानं घेऊन या.

५

शुक्रवारी साहेबांच्या खोलीत पाच माणसं बसली. साहेब घड्याळाकडे बघत होते. सरकारी वकील नेहमीप्रमाणे टापटीप, मांडीवर जाड लिफाफा. मामा खुर्चीच्या कडेवर टेकलेला, आणि इस्त्रीवाली बाई ताठ.

"बाराला यादी जाते," साहेब म्हणाले. "थोडक्यात सांगा."

"थोडक्यातच आहे," ताई म्हणाल्या. "बाई, डावा हात जरा टेबलावर ठेवता?"

बाईनं ठेवला.

"यांच्या अंगठ्याला रेषाच नाहीत. वाफेनं गेल्या. म्हणून आपल्या फाइलीत नुसता डाग आहे. परवा मी समजले, घाईत उमटवला. आता आयोगाच्या कागदावरचा बघा. एकेक रेष स्वच्छ. हा अंगठा या बाईंचा असूच शकत नाही. बावीस वर्षं मी अंगठे तपासतेय साहेब, पण आहे की नाही एवढंच. कुणाचा आहे हे कधी बघितलं नाही."

सरकारी वकील सौम्य हसले. "म्हणजे कुणीतरी यांच्या नावानं खोटी तक्रार केली म्हणता?"

"तसंच वाटलं होतं मला. पण खोटी तक्रार करणारा माणूस चष्म्याची चिठ्ठी कशाला जोडेल? यांच्या मुलाला चष्माच नव्हता. ती चिठ्ठी खरी आहे. अंगठाही खरा आहे. फक्त पहिलं पान चुकीचं आहे."

साहेबांनी घड्याळावरची नजर काढली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"वकीलबाईंचे सासरे टायपिंग करतात. त्यांना नवा कोरा फॉर्म उघडता येत नाही, म्हणून जुन्या फॉर्मवरच नवं लिहितात. वर्षापूर्वी त्यांच्याकडे दुसरी एक आई आली. ठाणं तेच, वकील तीच, म्हणून पहिलं पान बघायलाच हवं असं आजोबांना वाटलं नाही. दुसऱ्या पानापासून सगळं तिचं लिहिलं, तिचा अंगठा घेतला, पहिल्या पानावर मात्र यांचं नाव आणि पत्ता तसाच राहिला. वकीलबाई म्हणाल्या होत्या, आयोगाकडे एकच प्रकरण पाठवलं आणि त्याची पोच आली नाही. कशी येणार? ती मामांच्या पिशवीत होती."

मामानं कपाळावर हात मारून घेतला.

"आज सकाळी आठला फोन लागला. वकीलबाईंनी सासऱ्यांना विचारलं. म्हातारा रडला म्हणे. पण त्याला एकट्याला काय बोलायचं? आयोगानं पहिलं पान वाचलं. यांच्या सरकारनं पहिलं पान वाचलं. मीही तेच केलं. मधली सात पानं वर्षभरात एकाही माणसानं उघडली नाहीत." ताई वकिलांकडे वळल्या. "तुम्ही उघडलीत?"

वकिलांनी लिफाफ्याकडे पाहिलं. त्याची दोरी नवीकोरी होती. "आमच्याकडे नोंद नावावरून होते," ते म्हणाले. आवाज थोडा उतरला होता.

साहेबांनी हात पुढे केला, दोरी सोडली आणि दुसरं पान काढलं. वाचलं. दुसरंच नाव, दुसराच पत्ता, एकोणीस वर्षांचा दुसराच मुलगा. साहेबांनी मान हलवली.

"म्हणजे दोन बायका, दोन मुलगे. बाई, तुमची तक्रार यादीत राहणार नाही. आणि त्या बाईंची?"

"तिची आयोगाकडे वेळेत पोचलेली आहे," ताई म्हणाल्या. "नावाची चूक दुरुस्त करता येते. दुपारी मीच पलीकडे जाते."

खरं तर तिथंच सगळं संपायचं. मामा उठायलाही लागला. पण इस्त्रीवाली बाई हलली नाही.

"काय लिहिलंय तिनं?" तिनं विचारलं.

वकील चटकन म्हणाले, "ते या प्रकरणाशी संबंधित नाही."

"तुम्हीच ते या प्रकरणात दाखल केलंत," ताई म्हणाल्या. "पूर्ण नऊ पानं. आता बाईंना ते ऐकायचा हक्क आहे."

त्यांनी दुसरं पान हातात घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या आईनं साधंच सांगितलं होतं. पोलिसांनी पोराला नेलं, तिसऱ्या दिवशी एका शिपायाला दया आली आणि मागच्या खिडकीतून दोन मिनिटं बघू दिलं. तारीख दिली होती. इस्त्रीवाल्या बाईचा थोरला गेला त्याच्या चौथ्या दिवसाची. पान उलटलं.

"'माझ्या मुलाचा चष्मा मोडला होता. एका बाजूची दांडी दोऱ्यानं बांधली होती. मी विचारलं, दोरा कुठून आणलास? तो म्हणाला, आई, माझ्या शेजारी एक जण आहे, त्यानं बांधून दिली. त्याची आई हॉस्पिटलात इस्त्री करते. त्यानं स्वतःच्या शर्टाच्या घडीतून दोरा उसवून काढला...'"

ताईंनी डोळे पुसले आणि पुढची ओळ वाचली.

"'शर्ट पांढरा होता, पण दोरा निळा होता.'"

बाईनं भाजलेला अंगठा दुसऱ्या मुठीत घट्ट धरला. मामा हमसून रडत होता. सरकारी वकिलांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. आलाच नाही, आलाच नाही म्हणून तीन वर्षं ज्यांनी हात झटकले, त्यांनीच आपल्या हातानं हा कागद आणून टेबलावर ठेवला होता.

साहेबांनी यादी ओढून घेतली, एक नंबर आडवा खोडला आणि यादी ताईंकडे सरकवली. समासात कारण लिहायचं असतं. ताईंनी "ग्राह्य" लिहिलं. हाताला सवय नव्हती, अक्षर तिरकं आलं.

"झालं बाई," त्या म्हणाल्या. "आता तुमचं ऐकून घेतलं जाईल. तुम्ही दमला असाल, जरा बाहेर बसता का?"

बाईनं नकारार्थी मान हलवली.

"पुढचं वाचा," ती म्हणाली. "अजून पाच पानं आहेत ना. तिच्या पोराचं काय झालं, ते वाचा."